टेम्पेलहोफ : विमानतळाच्या इमारतीची सफर आणि बाहेरचे मैदान

होटगी रस्त्यावरच्या विमानतळाचा आणि साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद वर्षानुवर्षे ऐकलेल्या सोलापूरकराने बर्लिनला गेल्यास टेम्पेलहोफ अवश्य पाहावे. मात्र तिकीट काढून करायची इमारतीची सफर आणि बाहेरचे मोफत मैदान एकाच दिवशी पाहावे, कारण नुसती सफर अपुरी पडते.

इमारत मात्र पैसे वसूल करणारी आहे. १९३६ पासून नाझी राजवटीत अर्न्स्ट झागेबील यांच्या आराखड्यानुसार उभारलेली ही वास्तू एक किलोमीटरहून अधिक लांब असून, विमाने थेट छताखाली उभी राहावीत म्हणून ते छत पुढच्या बाजूला एकही खांब न देता बाहेर काढले आहे. तळघरातील निवाऱ्यांच्या भिंतींवर हवाई हल्ल्यांच्या काळात काढलेली विनोदी चित्रे अजून दिसतात, तर वरच्या मजल्यावर अमेरिकी हवाई दलाच्या जवानांचे बास्केटबॉलचे मैदान आहे. युद्धकाळात इथे सक्तीच्या मजुरांकडून लढाऊ विमानांची जुळणी करून घेतली जात असे, हेही मार्गदर्शकाने आडपडदा न ठेवता सांगितले.

सर्वाधिक वेळ अर्थातच १९४८-४९ च्या हवाई पुरवठ्याला मिळतो. सोव्हिएत नाकेबंदीत अडकलेल्या पश्चिम बर्लिनला विमानांनी सुमारे २३ लाख टन माल पोहोचवला आणि त्यातला मोठा वाटा चक्क कोळशाचा होता. रुमालाच्या छत्र्यांना चॉकलेट बांधून मुलांसाठी खाली सोडणारे वैमानिक गेल हॅल्व्होर्सन यांची गोष्ट ऐकताना सारा गट खुलला.

पण ऑक्टोबर २००८ मध्ये विमानतळ बंद झाला, मे २०१० मध्ये ३०० हेक्टरांहून मोठे मैदान लोकांना खुले झाले आणि २०१४ च्या सार्वमतात मतदारांनी त्याच्या कडेने बांधकाम करण्याचा सरकारी बेत फेटाळला, हा भाग शेवटी घाईघाईत उरकला गेला. लष्करी तळाची जमीन लोकांच्या हाती कशी राहिली, हेच तर आपल्याला ऐकायचे असते!

ती उणीव मैदान भरून काढते. धावपट्टीवर सायकली आणि पतंग, आणि विणीच्या हंगामात चंडोलांच्या घरट्यांसाठी माणसांना बंद ठेवलेले गवताचे पट्टे. नान्नजच्या माळरानावर माळढोक शोधत फिरलेल्यांना, आणि बोरामणीच्या विमानतळाची रखडकथा ठाऊक असणाऱ्यांना, हे पट्टे जास्त वेळ थांबवून ठेवतील.

इमारतीत जिने बरेच आहेत, तेव्हा गुडघेदुखीच्या ज्येष्ठांनी मैदानावरच समाधान मानावे. तिथे सावली जवळपास नाही, म्हणून टोपी आणि पाणी सोबत असू द्यावे.