पाचशे फॉर्म, सहा दिवस आणि कोर्टाची खोटी नोटीस

घरबसल्या डेटा एंट्रीचे काम देतो असे सांगून जानेवारी २०२५ मध्ये माझ्याकडून ७,०८० रुपये उकळण्यात आले. आमच्या घरात हा महिन्याचा किराणा होतो, तरीही केवळ त्या रकमेसाठी मी हे लिहायला बसले नसते. पैसे देताना आपण फसत आहोत असे मला वाटलेच नाही. आपण दिलेला शब्द मोडला आणि आता त्याची भरपाई करत आहोत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. या फसवणुकीचे सगळे बळ त्या समजुतीत आहे, म्हणून ती कशी घडवली जाते ते मी तपशिलाने सांगते.

मी साताऱ्यात राहते. लग्नापूर्वी शासनाची टंकलेखन परीक्षा मी दिली होती. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट या दोन्ही गतींची प्रमाणपत्रे माझ्याकडे आहेत. मुलीच्या क्लासची फी भरण्यासाठी चार पैसे जास्तीचे मिळावेत म्हणून एका नोकरीविषयक संकेतस्थळावर मी माझी माहिती भरून ठेवली, आणि तिसऱ्याच दिवशी फोन आला. बोलणारी मुलगी हिंदीत पण अत्यंत अदबीने बोलत होती. आधी पैसे मागणारा माणूस फसवा असतो, एवढे मला ठाऊक होते. त्यामुळे मी पहिला प्रश्न नोंदणी शुल्काचाच विचारला. त्यावर ती म्हणाली की आम्ही एक रुपयाही घेत नाही, उलट काम झाल्यावर आम्हीच तुम्हाला देतो. माझी सावधगिरी त्या उत्तरावर संपली, आणि ती संपावी याच हेतूने ते उत्तर तयार ठेवलेले होते.

काम असे होते की सहा दिवसांत ५०० फॉर्म भरायचे, प्रत्येक फॉर्ममागे ३० रुपये, म्हणजे एकूण १५,००० रुपये, आणि अचूकता किमान ९० टक्के हवी. आधार कार्ड, पॅन कार्ड, छायाचित्र आणि सही यांच्या प्रती त्यांनी मागून घेतल्या. मग मोबाइलवर अकरा पानांचा इंग्रजी करारनामा आला. त्याच्या पहिल्या पानावर स्टॅम्प पेपरचे चित्र होते. फॉर्मचा कोटा मर्यादित आहे, अर्ध्या तासात ओटीपी टाकून सही केली नाही तर तो दुसऱ्याला जाईल, असे त्या मुलीने दोनदा फोन करून सांगितले. मी पहिले पान आणि शेवटचे पान वाचले. काम वेळेत किंवा ठरलेल्या अचूकतेने झाले नाही तर सॉफ्टवेअरचा आणि सर्व्हरचा खर्च काम करणाऱ्याने द्यावा, हे कलम आठव्या पानावर होते.

काम सुरू झाल्यावर पहिल्याच संध्याकाळी मला अडचण जाणवली. स्क्रीनच्या एका बाजूला फॉर्मचे पुसट चित्र दिसे आणि दुसऱ्या बाजूला तीसएक रकाने. अक्षरे तिरकी आणि इतकी अंधुक होती की शून्य आहे की इंग्रजी ओ, एक आहे की एल, हे कितीही मोठे करून पाहिले तरी ठरत नसे. मूळ फॉर्ममधल्या चुका, जादा मोकळ्या जागा, मध्येच आलेले स्वल्पविराम हे सगळे जसेच्या तसे उतरवायचे होते आणि एका रकान्यात एक टिंब चुकले तरी तो अख्खा फॉर्म चुकीचा धरला जाणार होता. मला एका फॉर्मला सरासरी बारा मिनिटे लागत होती. पाचशे फॉर्मचे शंभर तास होतात, म्हणजे सहा दिवस रोज साडेसोळा तासांहून अधिक. हा हिशेब मी सही करण्यापूर्वी केला असता तर पुढचे काहीच घडले नसते. परंतु नमुन्यादाखल एकही फॉर्म मला आधी दाखवलेला नव्हता, आणि तो दाखवावा असे म्हणण्याचे मला सुचले नाही.

तरीही मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसले. सहाव्या दिवशी दुपारी संकेतस्थळ उघडेनासे झाले. त्या वेळी माझे ४३८ फॉर्म झाले होते. संध्याकाळी गुणवत्ता तपासणीचा अहवाल आला: अचूकता ६१ टक्के, काम अपूर्ण, करारभंग. सर्व्हरचे शुल्क ६,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,०८० रुपये, दोन्ही चोवीस तासांत भरावेत. जीएसटीचा तो नेमका आकडा पाहून मला हे सगळे अधिकृतच वाटले. मी विनवणी केली, केलेल्या कामाचे पैसे नकोत पण दंड घेऊ नका असेही म्हटले. उत्तरादाखल व्हॉट्सअ‍ॅपवर कायदेशीर नोटीस आली. तिच्यावर चार सिंहांची राजमुद्रा होती, उच्च न्यायालयाचे नाव होते, गोल शिक्का होता, भारतीय दंड संहितेची कलमे ४०६ आणि ४२० होती, आणि पोलीस घरी येतील असे स्पष्ट लिहिले होते. एका माणसाने आपण वकील असल्याचे सांगून फोन केला आणि तुमच्या मिस्टरांच्या ऑफिसात नोटीस पाठवू का, असे विचारले. मी पाच मिनिटांत यूपीआयने ७,०८० रुपये पाठवले.

दोन दिवसांनी खटला मागे घेतल्याचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे असल्यास आणखी १४,५०० रुपये भरा, असा निरोप आला. या सगळ्या काळात मी घरी कोणालाही काही सांगितले नव्हते. पती रागावतील ही भीती त्यामागे होती, पण त्याहून मोठी होती ती लाज. काम अंगावर घेऊन ते निभावता आले नाही, ही गोष्ट मला माझ्याच माणसांपुढे बोलवेना. पैसे पाठवल्याला नऊ दिवस झाल्यावर, मंगळसूत्र गहाण ठेवण्याचा विचार मनात आला तेव्हा, मी मैत्रिणीच्या वडिलांकडे गेले. ते सातारा न्यायालयात अनेक वर्षे वकिली करत आहेत.

काकांनी नोटीस वाचली आणि आधी मला पाणी प्यायला लावले. मग त्यांनी बोट ठेवून एकेक गोष्ट दाखवली. जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. जानेवारी २०२५ मधल्या घटनेला जुन्या संहितेचे ४२० कलम कोणताही वकील लावणार नाही, कारण फसवणुकीचे कलम आता ३१८ आहे. वकिलाच्या नोटिशीवर राजमुद्रा नसते आणि वकील न्यायालयाच्या नावाने नोटीस काढत नाही. मुळात करारभंग ही दिवाणी बाब आहे, तिच्यासाठी पोलीस कोणाला अटक करायला येत नाहीत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाचा कितीही मोठा आकडा लिहिला तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते, आणि कपटाने मिळवलेली संमती असेल तर कलम १९ प्रमाणे तो करार फसवल्या गेलेल्या व्यक्तीला रद्द करता येतो. त्यांनी माझ्यासमोर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर माझ्या नावाने दावा शोधून पाहिला. असा कोणताही दावा नव्हता. "अगं, गुन्हा तू केलेला नाहीस, तुझ्यावर झालेला आहे," असे ते म्हणाले तेव्हा मला रडू आवरले नाही.

त्याच दिवशी मी पतींना सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी स्वतः १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायला माझ्याशेजारी बसले. नऊ दिवस उलटून गेल्यामुळे पैसे त्या खात्यातून पुढे गेलेले होते. पहिल्या काही तासांत फोन केला असता तर ती रक्कम बँकेत थोपवली जाण्याची शक्यता होती, असे आम्हाला सांगण्यात आले. ते पैसे मला अजून मिळालेले नाहीत. धमकीचे फोन मात्र आम्ही उत्तर देणे बंद केल्यावर अकराव्या दिवशी थांबले, आणि घरी ना पोलीस आले ना समन्स.

आज मी साताऱ्यातल्याच एका छापखान्यासाठी घरून मराठी मजकूर टाइप करते. त्यांनी आधी दोन पानांचा नमुना दिला, तो पाहून दर ठरवला, आणि चुका सापडल्या तर पाने दुरुस्तीसाठी परत येतात. चूक झाली म्हणून काम करणाऱ्याकडून पैसे घेणारा मालक मला त्यांच्याकडेच काय, इतरत्रही कुठे आढळला नाही.

ज्यांच्या मोबाइलमध्ये आत्ता अशी नोटीस येऊन पडली आहे त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की आज रात्री झोपण्यापूर्वी ती घरातल्या एका माणसाला दाखवा. एकही रुपया पाठवू नका, कारण पहिली रक्कम मिळाली की तुम्ही घाबरता हे त्यांना कळते आणि दुसरी मागणी ठरलेलीच असते. संदेश, करारनामा, फोन क्रमांक, यूपीआयची पावती यांपैकी काहीही पुसून टाकू नका; पोलिसांना ते लागते. पैसे गेले असतील तर १९३० ला ताबडतोब फोन करा. आधार आणि पॅनच्या प्रती दिल्या असतील तर आधारचे बायोमेट्रिक्स लॉक करा, आपल्या नावावर किती सिम कार्डे आहेत ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर पाहा, आणि वर्षातून एकदा मोफत मिळणारा क्रेडिट अहवाल मागवून आपल्या नावावर परस्पर कर्ज काढलेले नाही ना याची खात्री करून घ्या. माझ्या नावावर एक अनोळखी सिम निघाले होते. ते माझे नसल्याचे मी संचार साथीवरच नोंदवले आणि त्याची माहिती तक्रारीला जोडली.