मोआब : साहसाची सहल की संथ मुक्काम?

अमेरिकेतील युटा राज्यात, कोलोरॅडो नदीच्या काठी वसलेले मोआब हे जेमतेम ५,००० वस्तीचे वाळवंटी गाव सायकल, जीप आणि राफ्टिंग यांसाठी प्रसिद्ध आहे. सॉल्ट लेक सिटीहून सुमारे ३७५ किलोमीटर गाडी चालवून येणाऱ्या मराठी कुटुंबाला, विशेषतः भारतातून आई-वडील आलेले असताना, हे गाव आपल्यासाठी नाही असे वाटण्याचा संभव असतो. माझे मत निराळे आहे, कारण इथली बहुतेक साहसाची ठिकाणे हीच निवांतपणाचीही ठिकाणे आहेत.

नदीचेच पाहा. राफ्टिंगसाठी फिशर टॉवर्सजवळचा प्रवाह नवख्यांनाही झेपतो, तर कॅटरॅक्ट कॅन्यनमधील खळाळ खऱ्या अर्थाने रौद्र आहे. त्याच नदीच्या कडेने १२८ क्रमांकाचा रस्ता तांबड्या कड्यांखालून जातो. तिथे संध्याकाळी काठावर बसून कड्यांचा बदलता रंग पाहण्यास काहीही खर्च येत नाही. गावाला लागून असलेल्या मॅथेसन पाणथळीत पहाटे पक्षी पाहता येतात, आणि वाळवंटात आल्यावर पाण्याचे मोल तिथे जितके जाणवते तितके राफ्टमध्ये बसून जाणवत नाही.

२७९ क्रमांकाच्या रस्त्यावर तर दोन्ही गोष्टी एकाच कड्यावर आहेत. गिर्यारोहक रस्त्यालगतच दोर बांधून चढत असतात आणि थोडे पुढे त्याच खडकावर मूळ रहिवाशांनी कोरलेली माणसे व प्राणी दिसतात. रत्नागिरी-राजापूरची कातळशिल्पे जांभ्याच्या सड्यावर आडवी पसरलेली असतात, ही उभ्या भिंतीवर आहेत. ज्यांनी आपल्याकडची पाहिली आहेत त्यांनी इथे तासभर तरी थांबावे. गुडघे दुखणाऱ्यांना ती गाडीतूनही दिसतात.

स्लिकरॉक ही सुमारे १६ किलोमीटरची सायकलवाट मात्र सराव असलेल्यांनीच निवडावी. तिच्या उघड्या खडकावरील चढ-उतार फार तीव्र आहेत.

आर्चेस राष्ट्रीय उद्यानात २,००० हून अधिक नैसर्गिक कमानी आहेत. डेलिकेट आर्चसाठी जाऊन-येऊन जवळजवळ ५ किलोमीटर, सावलीविना आणि सुमारे १५० मीटर चढून चालावे लागते. त्याऐवजी ज्येष्ठांनी विंडोज भागातील छोटी वाट घ्यावी. ज्यांना थोडे अधिक चालवते त्यांनी लँडस्केप आर्चपर्यंत जावे. ९३ मीटर लांबीच्या त्या बारीक कमानीतून १९९१ मध्ये मोठी शिळा कोसळली, आणि तिच्यासमोर शांत उभे राहिले की दगडही झिजत, बदलत असतो हे डोळ्यांना पटते. दोन्ही ठिकाणी वाट सोडू नये, कारण तिथल्या मातीवरचा काळसर सजीव थर एका पावलाने मोडतो आणि पुन्हा तयार होण्यास अनेक वर्षे लागतात.

चार दिवस असतील तर मी एक सकाळ राफ्टिंगला आणि उरलेला वेळ संथ मुक्कामाला देईन. तरुण मित्रांच्या गटाने हे प्रमाण उलटे करावे. काळ निवडताना ईस्टरचा आठवडा टाळावा, कारण १९६७ पासून चालत आलेल्या जीप सफारीमुळे गाव गजबजते. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांपलीकडे जातो. ऑक्टोबर दोघांनाही मानवतो. त्यातही अमावास्येच्या आसपासचे दिवस मिळाले, तर रात्री विंडोजपाशी गाडीचे दिवे विझवून आकाशगंगा अवश्य पाहावी.