हवेची होडी, पुण्यातला फ्लॅट अन् आंजर्ल्याची खाडी: तीन सीझननंतरचा रिव्ह्यू

दोन माणसांची हवा भरायची कायाक घेऊन आता तीन सीझन झाले. आम्ही राहतो कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर, अन् होडी चालते ती नवऱ्याच्या आजोळी, आंजर्ल्याला, जोग नदीच्या खाडीत. ऑफिसात, सोसायटीत सारखं कोणी ना कोणी विचारतं, घ्यावी का, कुठली घ्यावी, म्हणून एकदाच सगळं लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही, कारण मी जे सांगणारे ते या जातीच्या बहुतेक होड्यांना लागू आहे.

आधी आम्ही फायबरची छोटी होडी घेऊन गावातच ठेवायचा विचार करत होतो. नाही घेतली ते बरं झालं. खाडीत बांधलेल्या होडीकडे रोज कुणीतरी बघायला लागतं, दोरी आखूड बांधली तर ओहोटीला होडी काठाला लटकते, लांब सोडली तर भरतीत शेजारच्या होडीवर जाऊन आपटते, खाली शिंपले धरतात ते खरवडायचे, पावसाळ्याआधी वर ओढून शाकारायची. पुण्यात बसून हे होत नाही. मोटार तर आमच्या खाडीच्या वरच्या अंगाला नकोच, पाणी गुडघाभर, पंखा चिखलात जातो अन् इंजिन गार करायला जे पाणी आत ओढलं जातं त्यातून गाळ जाऊन पंप खराब होतो.

म्हणून ही. १७ किलोची, बॅगेत घालून गाडीच्या डिकीत मावते, ताम्हिणीतून साधारण पाच तासांत खाडीवर, अन् पंधरा मिनिटांत हवा भरून तयार. तळ ड्रॉप-स्टिचचा आहे, म्हणजे वरच्या अन् खालच्या थराच्या मध्ये हजारो दोरे असतात त्यामुळे दाबून हवा भरली तरी तो फुगून गोल होत नाही, फळीसारखा सपाट राहतो. उथळ पाण्यासाठी हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आमचा हिशोब सांगते. आम्ही दोघं, होडी, पाणी, डबा सगळं मिळून १६० किलो, अन् पाण्याला टेकणारा तळ अंदाजे ३ मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, म्हणजे होडी पाण्यात बुडते फक्त ७ सेंटीमीटर! गोल तळाची, अरुंद होडी असती तर याच वजनाला कितीतरी जास्त बुडाली असती.

पण खाली फिन असतो, म्हणजे होडी सरळ जावी म्हणून तळाला लावलेला उभा पंख. आणि जाहिरातीत फिनबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या होडीला आला तो २० सेंटीमीटरचा, पक्का चिकटवलेला. म्हणजे ७ सेंटीमीटरची होडी घेतली अन् चालवायला २७ सेंटीमीटर पाणी लागतं. पहिल्याच सीझनला याचा फटका बसला. दशमी होती, सकाळी नाश्ता वगैरे करून साडेनऊला निघालो, पाणी छान दिसत होतं, वरच्या अंगाला तिवरांपर्यंत, म्हणजे खारफुटीच्या झाडांपर्यंत गेलो, बगळे बघत बसलो, अन् परत फिरलो तर मधेच होडी थांबली. फिन चिखलात रुतला होता. वल्ह्याने रेटून बघितलं, नवरा उतरला तर मांडीपर्यंत आत गेला, कसाबसा होडीला धरून वर आला, अन् त्या ओढाताणीत फिनचा सांधा उचकटला. उन्हात साडेतीन तास बसलो, दोघांत एक लिटर पाणी. चार वाजता भरतीचं पाणी आलं तेव्हा सुटलो. मला त्या दिवशी खरंच भीती वाटली होती, ते लपवायचं काही कारण नाही.

संध्याकाळी बंदरावरच्या एका काकांनी विचारलं, "सूनबाई, तिथी बघून निघालात का?" मला काही कळेना. मग त्यांनी शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. दशमी म्हणजे दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातलाच भरती पूर्ण झालेली, अन् आम्ही निघालो ते सुकतीत, पाणी उतरत असताना! अष्टमीला भरती सहाला, म्हणजे भर दुपारी खाडी रिकामी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, पाणी भरपूर पण उधाणाचं, त्याला ओढ फार. पुढे सहा तास अन् वर थोडी मिनिटं गेली की पूर्ण ओहोटी. आता आम्ही वीकएंड ठरवतानाच कालनिर्णय काढतो, प्रतिपदा ते चतुर्थीच्या आसपासचा शनिवार शोधतो, म्हणजे त्याच हिशोबाने भरती दुपारी पाऊण ते तीनच्या दरम्यान येते, भरतीच्या दीड-दोन तास आधी पाण्यात उतरायचं, चढत्या पाण्याबरोबर वर जायचं अन् पाणी फिरलं की लगेच परत. मोबाईलवर भरतीचे तक्तेही मिळतात, ते बघतोच, पण काकांचा हिशोब गाडीत बसल्या बसल्या होतो.

फिनचं पुढे काय केलं ते सांगते, कारण घेणाऱ्याने हे आधी बघावं. तो काढूनच टाकला तर होडी सरळ जात नाही, प्रत्येक वल्ह्याला तोंड फिरवते, अन् मार्च ते मेमध्ये दुपारी समुद्रावरून वारा सुटला की हवेची हलकी होडी पानासारखी ढकलली जाते. परतताना तो वारा नेमका तोंडावर. त्यामुळे फिन हवाच, पण सरकवून काढता येणारा, अन् ८-१० सेंटीमीटरचा आखूड. आम्ही तसा पट्टीवाला बसवून घेतला. नवीन घेणाऱ्यांनी सरळ काढता येणाऱ्या फिनचीच घ्या, बाकी सीट, कपहोल्डर यांच्याकडे बघूही नका.

चिखल एकवेळ परवडला, पण कालवं, म्हणजे खडकाला चिकटणारे शिंपले लागलेल्या खडकाजवळ अजिबात जायचं नाही, कडा ब्लेडसारख्या असतात. तिवरांची श्वासमुळं चिखलातून वर आलेली असतात, त्यावर होडी ओढायची नाही, उचलायची. आम्हाला आत्तापर्यंत दोन भोकं पडली, दोन्ही ओढल्यामुळे. होडी पीव्हीसीची, अन् पीव्हीसीला पीव्हीसीचंच सोल्यूशन लागतं, सायकलच्या पंक्चरचं चालत नाही. जागा घासून, पुसून, होडीला अन् ठिगळाला दोन्हीकडे सोल्यूशनचे दोन हात द्यायचे, दाबून ठेवायचं अन् निदान चोवीस तास हवा भरायची नाही. हे काम मी पुण्यात आणूनच करते, खाडीवरच्या दमट हवेत चिकट नीट धरत नाही. दोऱ्या, बादल्या, ब्रश सगळं बोहरी आळीत मिळालं.

आणखी एक, हवा भरून होडी उन्हात वाळूवर ठेवून जेवायला जाऊ नका. आतली हवा तापून फुगते अन् शिवण सुटते. काठावर ठेवायची तर थोडी हवा सोडायची, पाण्यात उतरल्यावर गार होऊन ती सैल वाटते तेव्हा परत भरायची.

घरी आल्यावर बाथरूममध्ये गोड्या पाण्याने धुणं, व्हॉल्व्हच्या खाचेतली वाळू जुन्या टूथब्रशने काढणं, बाल्कनीत सावलीत दोन दिवस वाळवणं, हे दर वेळी. एकदा दमून तशीच घडी घातली तर पंधरा दिवसांत बुरशीचे काळे डाग पडले, ते अजून आहेत. घडीही दर वेळी वेगळ्या जागी घालायची, नाहीतर त्याच रेघेवर चीर पडते.

तक्रार एकच मोठी. तळाचा व्हॉल्व्ह दुसऱ्या सीझनला गळायला लागला अन् विकणाऱ्यांनी तीन मेल अन् दीड महिना घेतला, साध्या वॉशरसाठी. तो सीझन मेमध्ये तिथेच संपला. आता दोन वॉशर जादा घेऊन ठेवलेत. लाइफ जॅकेटं सोबत आली ती लहान मुलांच्या मापाची, मोठ्यांची वेगळी घ्यावी लागली, तेवढे पैसे धरूनच बजेट करा.

पाचपैकी चार स्टार. कापलेला एक त्या चिकटवलेल्या फिनचा. जूनपासून ती माळ्यावर आहे, टाल्कम पावडर लावून सैल गुंडाळलेली, नारळी पौर्णिमा झाली अन् पाऊस ओसरला की ऑक्टोबरात काढणार.