आठ महिने सशांना गोळी खाद्य घातल्यावर

खानापूरच्या बाजूला आमची १२ माद्या आणि ३ नरांची छोटी शेड आहे. न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला या जातींचे ससे. दोन वर्षं मक्याचा भरडा, गिरणीतला भाताचा कोंडा आणि बांधावरचं गवत यावरच भागवलं. गेल्या जूनपासून पोत्यातलं तयार गोळी खाद्य (पेलेट) सुरू केलं. कंपनीचं नाव देत नाही, कारण सांगायचंय ते कुठल्याही पोत्याला लागू आहे.

वाढीतला फरक डोळ्यांना दिसतो. आधी पिल्लू २ किलोवर यायला चार-साडेचार महिने लागायचे. आता तेराव्या-चौदाव्या आठवड्यात तेवढं भरतं. पोत्यावर प्रथिने १६ टक्के, तंतू (चोथा) १४ टक्के लिहिलंय. मी फक्त पहिला आकडा बघायचो. आता दुसरा आधी बघतो, तुम्हीही बघा.

ऑगस्टमधल्या एका वेतानं हे शिकवलं. दूध तोडल्यावर वजन लवकर यावं म्हणून गोळीवर मक्याचा भरडा वाढवला आणि गवत जवळजवळ बंद केलं. आमच्याकडच्या पावसात गवत कापून आणणं जिवावर येतं, हेही होतंच. पाचव्या दिवशी हगवण लागली आणि नऊपैकी पाच पिल्लं गेली. त्यांतल्या दोघांना माझी मुलगी रात्रभर थेंब थेंब पाणी पाजत बसली होती. सशाच्या पोटात उंडुक नावाची मोठी पिशवी असते, तिथं जिवाणू चारा आंबवतात. तिथून येणाऱ्या मऊ लेंड्या ससा परत खातो, त्यातून त्याला प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात. मक्यासारख्या धान्यातलं पिष्ट (स्टार्च) वाढलं आणि तंतू कमी पडला, की हे सगळं तंत्रच कोलमडतं.

तेव्हापासून गोळीबरोबर शेवरी, लसूण घास, तुतीचा पाला आणि सुकं गवत रोज असतंच. हिरवा चारा आदल्या दिवशी कापून सुकवतो. ससा जास्त रात्री खातो, म्हणून मोठा घास संध्याकाळी. खाद्य बदलायचं तर जुन्यात नवं मिसळत आठ-दहा दिवस घेतो. कोंबडीचं खाद्य स्वस्त पडतं म्हणून कुणी घालत असेल तर घालू नका. त्यातल्या काहींत रक्ती हगवणीवरची जी औषधं असतात ती सशाला विषारी ठरतात.

पावसाळ्यात पोतं जमिनीवर ठेवलं तर तळाला बुरशी धरते. शेंगदाणा पेंड असलेल्या खाद्यात तर जास्तच. आता फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवतो, आणि वास आला की ते सरळ उकिरड्यावर टाकतो.

मटणाबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण त्याचा विचार कुणी करत नाही. भरड्यावरच्या सशाच्या गुर्द्यांभोवती चरबीचे जाड गोळे निघायचे. पाला-गोळीवरच्यात चरबी कमी, मांस घट्ट आणि फिकट गुलाबी. बेळगावातले आमचे खानावळवाले अण्णा न सांगता म्हणाले, ‘हे वेगळं लागतंय, काय घालताय ओ?’ ससा रवंथ करत नाही, त्यामुळे खाद्यातलं तेल फारसं न बदलता त्याच्या चरबीत उतरतं. म्हणून शेवटचे तीन आठवडे थोडा जवस भरडून घालतो. त्यातलं ओमेगा-३ मटणात येतं. पण हात आखडता ठेवा. जास्त जवसानं चरबी मऊ पडते, मटण लवकर खवट होतं. भाताचा शिळा कोंडा याच खवटपणामुळे बंद केला. रांधताना एक: हे मटण कोरडं असतं, रश्श्यात मंद आचेवरच शिजवा. आत्या पहिल्यांदा बोकडासारखं मोठ्या जाळावर शिजवायला गेली आणि त्याचे दोरे झाले.

तक्रार एकच. प्रत्येक पोत्याच्या तळाशी किलोभर तरी भुगा निघतो. ससे तो खात नाहीत, नाकात गेला की शिंकतात. दुकानदाराला दोनदा दाखवला, पण पोतं बदलून मिळालं नाही. मग आता पोतं उघडताच सगळं चाळून घेतो आणि भुगा परसातल्या कोंबड्यांना घालतो.