स्क्रीनवर २०१२, पत्र्यावर २००९ : जुन्या मॅक प्रोत गेलेले माझे ४८,४०० रुपये

ॲपलचा मॅक प्रो हा जुना कॉम्प्युटर एकाने मला २०१२ चा म्हणून विकला, निघाला २००९ चा. मशीनचे ४६,५०० आणि ट्रान्सपोर्टचे १,९००. एकूण ४८,४०० रुपये. धंद्यातल्या मित्रांना आजवर मी हा आकडा कमी करून सांगत आलोय, म्हणून इथे आधीच खरा लिहून टाकतो. लाज वाटते, पण गप्प बसलो तर तोच माणूस तेच मशीन अजून चार जणांच्या गळ्यात मारेल.

‘एवढ्या जुन्या डब्याला एवढे पैसे कशाला?’ असं घरच्यांनीही विचारलं. ज्याला हा डबा माहीत आहे तो असं विचारणार नाही. माझा लग्नाच्या व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लोक वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या मिनी-डीव्ही कॅसेट घेऊन येतात आणि पेन ड्राइव्हवर करून मागतात. त्यासाठी फायरवायर, म्हणजे कॅमेऱ्यातून व्हिडिओ कॉम्प्युटरवर घ्यायची जुनी केबल-जोडणी, लागते, आणि जाळीच्या तोंडाच्या त्या ॲल्युमिनियमच्या मॅक प्रोला फायरवायर ८०० ची चार पोर्ट आहेत. आत चार हार्ड डिस्क सरकवायच्या जागा, कार्ड लावायचे चार पीसीआय एक्सप्रेस स्लॉट, दोन प्रोसेसरच्या मॉडेलमध्ये रॅमचे आठ स्लॉट. बाजूचा पत्रा एका खटक्यात निघतो. प्रोसेसर बदला, ग्राफिक्स कार्ड बदला, एसएसडी टाका. २०१० आणि २०१२ च्या मॉडेलवर योग्य ग्राफिक्स कार्ड असेल तर मोहावे ही मॅकची ऑपरेटिंग सिस्टीम अधिकृतपणे चालते, आणि ३२ बिटची जुनी सॉफ्टवेअर चालवणारी ती शेवटची सिस्टीम. तिच्यानंतर आलेल्या २०१९ च्या कॅटालिनाने ती सगळी सॉफ्टवेअर बंद पाडली.

त्यानंतर कंपनीने काय दिलं? २०१३ ला तो काळा नळकांड्यासारखा मॅक प्रो, ज्याचं ग्राफिक्स कार्ड बाजारातून आणून बदलताच येत नाही. उष्णतेच्या बाबतीत आपण स्वतःला कोंडीत पकडून घेतलं, हे कंपनीने २०१७ मध्ये पत्रकारांसमोर कबूल केलं. डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा टॉवर आला तो ५,९९९ डॉलरपासून पुढे. २०२३ च्या मॉडेलला स्लॉट आहेत, पण रॅम वाढवता येत नाही आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड चालत नाही. मग आमच्यासारख्या छोट्या माणसाने जायचं कुठे? म्हणून हा डबा भाव धरून आहे, आणि म्हणूनच त्यात लुबाडणूक आहे. ज्या मशीनचं सगळं बदलता येतं, त्याचं वयसुद्धा बदलून दाखवता येतं.

कसं ते ऐका. २००९ आणि २०१२ ची कॅबिनेट शेजारी ठेवली तर बाहेरून फरक कळत नाही. मॉडेल नंबरसुद्धा तोच, ए१२८९. कंपनीच्या हिशेबात २००९ चं मशीन ‘मॅकप्रो ४,१’ आणि २०१०-१२ चं ‘मॅकप्रो ५,१’. पण २०११ मध्येच हौशी लोकांनी एक छोटं साधन काढलं, ज्याने २००९ च्या मशीनमध्ये ५,१ चं फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, चढतं आणि मशीन स्वतःला ५,१ म्हणवतं. स्वतःच्या मशीनला कोणी हे केलं तर त्यात गैर काही नाही. उलट चांगली सोय आहे ती. पण तसं मशीन ‘२०१२ चं, ओरिजिनल’ म्हणून विकणं ही चोरी आहे. विकणाऱ्याने मला काय सांगितलं? “भाऊ, मशीन एकदम कडक आहे, २०१२ चं, बारा कोर, ६४ जीबी रॅम, आठ जीबीचं आरएक्स ५८० कार्ड. एका ॲड एजन्सीतून निघालंय.” मागितले ५२,०००, ठरले ४६,५००. टोकन म्हणून ५,००० यूपीआयने, बाकीचे ४१,५०० बँकेतून, गाडीत माल चढायच्या आधी. चढायच्या आधी एक रुपयाही देऊ नका!

आता तो क्षण, ज्याने माझी झोप उडवली आहे. मी व्हिडिओ कॉलवर मशीन पाहिलं होतं. आंधळेपणाने पैसे पाठवले नव्हते. मी स्वतः त्याला सिस्टीम इन्फर्मेशन उघडायला लावलं, मॉडेल विचारलं, तिथे ‘मॅकप्रो ५,१’ लिहिलेलं होतं. त्याच खिडकीत खाली ‘एसएमसी व्हर्जन १.३९एफ५’ अशी ओळ होती. एसएमसी म्हणजे वीज आणि पंखे सांभाळणारी आतली चिप. फर्मवेअर चढवलं तरी हा आकडा बदलत नाही. खऱ्या ५,१ वर तिथे १.३९एफ११ असतो. कॉल मी रेकॉर्ड केला होता आणि त्यात ती ओळ स्वच्छ वाचता येते. ती माझ्या डोळ्यांसमोरून गेली! मग मी म्हटलं, मागची बाजू दाखवा. मागे सीरियल नंबरचं लेबल असतं, तिथे बरोबर त्याच्यावर दुकानाचं चमकतं ‘वॉरंटी’ स्टिकर चिकटवलेलं. मी म्हटलं, काढून दाखवा. “काढलं तर वॉरंटी जाईल, भाऊ.” एवढ्या मोठ्या पत्र्यावर स्टिकर लावायला त्याला नेमकी तीच जागा का सापडली? तिथेच कॉल बंद करायला हवा होता. पण लग्नसराई तोंडावर, जुनं मशीन बंद पडलेलं, दोन पार्ट्यांच्या ॲडव्हान्सचे पैसे खर्च झालेले. अशा वेळी माणूस एसएमसीचे आकडे पाठ करत बसतो का? ज्यांनी मला ‘एवढंही कळलं नाही?’ म्हणून सुनावलं, त्यांच्यापैकी एकालाही हा आकडा माहीत नव्हता.

मशीन आलं, चाललं, आणि काही दिवसांतच ६४ ची रॅम ५६ दाखवायला लागलं. आमच्याकडच्या हार्डवेअरवाल्या पोराने प्रोसेसरचा ट्रे बाहेर ओढला आणि गप्पच झाला. २००९ च्या दोन प्रोसेसरच्या ट्रेमध्ये प्रोसेसरला वरचं धातूचं झाकण नसतं, २०१० पासून असतं. इथे बाजारातल्या प्रोसेसरची झाकणं ब्लेडने खरवडून काढून ते बसवलेले होते. कडेला पात्याचे ओरखडे होते. असे प्रोसेसर कमी-जास्त आवळले गेले की रॅमचा एखादा स्लॉट दिसेनासा होतो. त्याने स्टिकर सोलून काढलं. खाली लेबलवर ईएमसी, म्हणजे मशीन कुठल्या वर्षाच्या मॉडेलचं ते ओळखायचा कंपनीचा नंबर, २३१४. २०१० ला २३१४-२ असतो, २०१२ ला २६२९. ग्राफिक्स कार्ड त्याने आपल्या पीसीत लावून तपासलं : खऱ्या आरएक्स ५८० ला २,३०४ प्रोसेसिंग युनिट असतात, यात २,०४८. चिनी बाजारासाठी त्याच नावाने काढलेला हलका प्रकार. ट्रे नीट करायला वर ६,५०० गेले. असं २००९ चं मशीन अठरा-वीस हजारांच्या वर जात नाही, असं मला नंतर दोन दुकानदारांनी सांगितलं.

मग पोलीस ठाणं. तिथला पहिला प्रश्न, “यंत्र चालतंय का?” चालतंय म्हटल्यावर, “मग फसवणूक कसली?” मी लेबलचा फोटो दाखवला, रेकॉर्डिंग दाखवलं. साहेबांनी पाहिलंही नाही. “जुनी वस्तू घेतली ना? हा दिवाणी मामला आहे.” एखाद्याने २००९ च्या गाडीला २०१२ ची नंबर प्लेट लावून विकली तर हेच म्हणाल का, असं मी विचारलं, तर आवाज खाली ठेवायला सांगितलं. नंतर म्हणाले, माल मुंबईचा, मुंबईत जा. मुंबईतल्या ठाण्यात म्हणाले, पैसे तुमच्या खात्यातून गेले, तुमच्याकडे जा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता घ्यायची. मी त्या कलमाची प्रिंट घेऊन गेलो. ठाणे अंमलदाराने ती माझ्याकडे सरकवली आणि अर्जावर ‘जुना संगणक संच, एक’ एवढंच लिहून घेतलं. फसवणूक हा शब्द खोडायला लावला! आम्ही कर भरतो तो कशासाठी? बँक म्हणाली, व्यवहार तुम्ही स्वतः केलाय. ज्या साइटवर जाहिरात होती तिने एक ठरीव उत्तर पाठवलं आणि जाहिरात तशीच ठेवली. पैसे जाताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत. मला मशीन उघडेपर्यंत कळलंच नाही, तोवर खातं रिकामं.

ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकील नसला तरी चालतो. विकणारा म्हणतो, मशीन मी धंद्यासाठी घेतलं, म्हणून कायद्याने मी ग्राहकच ठरत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच लिहिलंय की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. तेवढं वाक्य अधोरेखित करून जोडा. आणि कच्च्या बिलावर वर्ष, मॉडेल, सीरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय हलू नका. माझ्या बिलावर फक्त ‘मॅक टॉवर’ आहे आणि त्याचा वकील त्यावरच बोट ठेवतोय.

मुंबईतून कोणी गेल्या दोन वर्षांत ‘२०१२ चा बारा कोर’ म्हणून असं मशीन घेतलं असेल, तर आज घरी गेल्यावर मागचं स्टिकर काढा, ईएमसी बघा, एसएमसीची ओळ बघा. २३१४ आणि १.३९एफ५ निघालं तर दोन्हींचा फोटो आणि बिल मला पाठवा. पुढच्या तारखेला मी ते माझ्या तक्रारीसोबत लावणार आहे.