बेसा भागातील गृहसंकुलाच्या सामाईक जागा : तिन्ही ऋतूंनंतरचा अनुभव

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही नागपूरच्या बेसा भागातील तीन इमारतींच्या एका संकुलात राहायला आलो आणि आता तिन्ही ऋतू येथे काढून झाले आहेत. फ्लॅटच्या आतील फरशी, नळ, रंग यांविषयी तक्रार नाही. मला लिहायचे आहे ते सामाईक जागांविषयी. घर घेताना चटईक्षेत्राची जितकी बारकाईने चौकशी होते तितकी या जागांची होत नाही. पण नागपूरच्या हवेत राहणे सुसह्य होते की नाही, हे बऱ्याच अंशी त्यांच्यावरच ठरते, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

सर्वांत आधी मागच्या बाजूच्या खुल्या जागेविषयी. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के क्षेत्र मनोरंजनासाठी खुले ठेवावे लागते. आमच्याकडे ही जागा तुकड्यातुकड्यांत न विखुरता एकसंध, जमिनीवर आणि मूळची कडुनिंबाची झाडे न तोडता ठेवलेली आहे. प्रवेशद्वारासमोरच्या भागात मात्र पेव्हर ब्लॉक बसवून बाके मांडली आहेत, आणि माहितीपत्रकात मोठे छायाचित्र होते ते याच भागाचे. एप्रिल-मे महिन्यांत ही फरसबंदी रात्री जेवणे आटोपेपर्यंत तापलेली असते, त्यामुळे बाकांवर कोणी बसत नाही. मागे कडुनिंबाखाली मातीवर पाण्याचा सडा घातला की सूर्य मावळताच ज्येष्ठ मंडळी खुर्च्या घेऊन येतात आणि मुलांचा खेळ तेथेच रंगतो. जागा मोजण्याचा नियम आहे, सावली मोजण्याचा नाही. म्हणून नकाशावर खुली जागा किती आहे एवढेच न पाहता ती कोणत्या दिशेला आहे, तिच्याखाली माती आहे की स्लॅब आणि दुपारनंतर तिच्यावर इमारतीची सावली पडते का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

वास्तुविशारदाने मनापासून विचार केल्याचे मला सर्वाधिक जाणवले ते कूलरच्या सोयीत. प्रत्येक शयनगृहाच्या खिडकीबाहेर कूलर ठेवण्यासाठी पक्का कट्टा आहे, शेजारी नळ आहे, आणि कूलरमधून सांडणारे पाणी उभ्या नळीने थेट खाली जाते. ज्यांनी नागपुरातल्या जुन्या इमारतींत उन्हाळे काढले आहेत त्यांना याचे मोल सांगायला नको. लोखंडी स्टँडवरून टपकणारे पाणी, खालच्या घराच्या बाल्कनीत वाळत घातलेले कपडे आणि त्यावरून होणारी दरवर्षीची बोलाचाली येथे मुळातच उद्भवत नाही. प्रत्येक मजल्यावरील सामाईक मार्गिकेच्या दोन्ही टोकांना खिडक्या असल्यामुळे हवा खेळती राहते, आणि त्या खिडक्यांसमोर चपलांचे कपाट ठेवू नये असा ठराव रहिवाशांनी पहिल्याच सभेत केला, तो अजून पाळला जातो.

पावसाळ्याने उणिवा दाखवल्या. आमच्या भागात वरचा थर काळ्या मातीचा आहे. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर मुरुमाचा पुरेसा थर न दाबता बसवलेले पेव्हर ब्लॉक जुलैपर्यंत कोठे उचलले गेले, कोठे खचले. आवारभिंतीला गेलेल्या तिरप्या भेगांचे कारणही बहुधा हेच असावे. पर्जन्यजल पुनर्भरणाचा खड्डा ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर बंधनकारक असल्याने तो येथेही आहे. परंतु पहिल्याच जोरदार पावसात आवारातील गाळ वाहून त्यात बसला आणि पाणी जिरण्याऐवजी वाहनतळाकडे वळले. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हापासून शहरात या विषयाची चर्चा वाढली आहे, पण खड्ड्याच्या आधी गाळ अडवणारी टाकी बांधणे आणि मृगाच्या आधी ती उपसणे ही साधी कामेही पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर कोणाच्याच गळ्यात उरत नाहीत. आम्ही ती टाकी वर्गणी काढून बांधून घेतली, आणि नंतरच्या पावसात वाहनतळ कोरडा राहिला.

वाहनतळाचा विषय सगळ्यांत कटकटीचा ठरला. विक्रीच्या वेळी काही ग्राहकांकडून उघड्यावरील वाहनतळासाठी वेगळी रक्कम घेण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच इमारतीखालच्या खांबांमधील (स्टिल्ट) वाहनतळ स्वतंत्रपणे विकता येत नाही असा निर्णय दिला आहे, आणि २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात, म्हणजे रेरात, उघडा वाहनतळ सामाईक क्षेत्रातच मोडतो. तरीही ज्यांनी पैसे भरले त्यांना ती जागा आपलीच वाटते, आणि त्यांचे तसे वाटणे मला समजते. दोष त्यांचा नाही. सभेत बराच खल झाल्यानंतर सध्या जागांचे वाटप वर्षासाठी चिठ्ठ्या टाकून होते. पाहुण्यांची वाहने मात्र अजूनही बाहेरच्या रस्त्यावर लागतात.

कागदपत्रांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नागपुरात घेणाऱ्याला याचा उपयोग होईल. आमचे संकुल सहकारी गृहनिर्माण संस्था नसून १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालील आहे. त्यामुळे प्रत्येक फ्लॅटबरोबर जमीन व सामाईक जागांतील अविभक्त हिस्सा टक्केवारीत मिळतो आणि सामाईक खर्चही त्याच टक्केवारीने वाटला जातो. संस्थेत बहुतेक सेवाशुल्क सर्वांना समान असते, येथे मोठ्या फ्लॅटला अधिक येते. या व्यवस्थेचा पाया म्हणजे नोंदणीकृत घोषणापत्र, म्हणजे डिक्लरेशन. त्यात कोणती जागा सर्वांची सामाईक आणि कोणती ‘मर्यादित सामाईक’, म्हणजे ठरावीक फ्लॅटधारकांपुरती राखीव, हे लिहिलेले असते. आमच्या घोषणापत्रात एका इमारतीच्या गच्चीचा मोठा भाग वरच्या मजल्यावरील दोन फ्लॅटसाठी मर्यादित दाखवला आहे. मार्च महिन्यात कुरडया आणि सांडगे वाळवायला गच्ची लागली तेव्हा हे बहुतेकांना प्रथमच कळले. खरेदीखतावर सही करण्यापूर्वी घोषणापत्राची प्रत मागून घ्यावी आणि गच्ची, जिन्याखालची जागा व तळमजल्यालगतची बाग यांचे परिच्छेद ओळ न ओळ वाचावेत.

हिवाळ्यात विकासकाने मागच्या खुल्या जागेच्या कोपऱ्यात दुकानांचे गाळे काढण्याची कल्पना मांडली. रेराच्या कलम १४ नुसार मंजूर नकाशातील इमारती व सामाईक क्षेत्रांत असा बदल करायचा तर किमान दोन तृतीयांश खरेदीदारांची आधी लेखी संमती लागते. मंजूर नकाशा महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदीत उपलब्ध असल्याने आम्ही तो छापून सूचनाफलकावर लावला, खुल्या जागेची हद्द लाल पेनाने आखली आणि संमतीचा अर्ज कोणीही भरून दिला नाही. प्रस्ताव तेथेच बारगळला. या एका प्रसंगाने रहिवासी जितके एकमेकांच्या ओळखीचे झाले तितके गणेशोत्सवातही झाले नव्हते.

वर्धा मार्गावरील मेट्रो आमच्यापासून दूर आहे. मेट्रो मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत वाढीव चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय), म्हणजे त्याच भूखंडावर अधिक बांधकामाची मुभा मिळते, तेथील उंच इमारतींची घरे आम्ही पाहिली होती. स्थानकाची सोय निर्विवाद आहे, परंतु आम्ही पाहिलेल्या प्रकल्पांत बागेचा बराच भाग वाहनतळाच्या स्लॅबवर होता आणि तेथे कडुनिंब वाढणार नाही. रोज कार्यालयात जाणाऱ्याने कदाचित तीच घरे निवडावीत. ज्यांच्या घरी लहान मुले आणि वृद्ध आहेत, त्यांना मी आमच्यासारखी मातीची खुली जागा असलेले संकुल सुचवीन.

गच्चीच्या परिच्छेदात दुरुस्ती करण्यासाठी घोषणापत्राचा सुधारित मसुदा वकिलाकडे दिला आहे. त्या दोन फ्लॅटधारकांपैकी एकाने तयारी दाखवली आहे आणि दुसऱ्यांशी बोलणी सुरू आहेत.