चिखलदऱ्याला जाताना हे चर्च चुकवू नका

चिखलदऱ्याला आम्ही दरवर्षी जातो, गाविलगड, दोन-चार पॉइंट, रबडी आणि परत अमरावती. या वेळी आईने घाट लागायच्या आधीच गाडी वळवायला लावली, कारण तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचं लग्न या चर्चमध्ये झालं होतं आणि तिला ते परत बघायचंच होतं. बरं झालं वळवली.

बाहेरून एकदम साधं, जाड दगडी भिंती, वर कवेलू, दाराशी कडुनिंब. 1823 मध्ये कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याला पोचला आणि मग साहेब लोक उन्हाळ्यात वर यायला लागले एवढंच मला माहीत होतं, म्हणून वाटलं हेही साहेबांचंच काहीतरी असेल, पण आत पाऊल टाकलं तर पेटी आणि ढोलकी! रविवारची उपासना चालू होती आणि भजन चक्क अभंगाच्या चालीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं आहे असं पाळकांनी नंतर सांगितलं. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ओवी-अभंगातच येशूची भजनं लिहिली हे वाचलेलं होतं, पण असं समोर बसून पहिल्यांदा ऐकलं, अंगावर काटा आला. शेजारच्या बाकावर कोरकू आदिवासी बायका, मांडीवर झोपलेली पोरं, आणि सगळ्यांना सगळं पाठ.

बाक सागवानी आहेत. टोकाला जिथे धरून माणूस उठतो तिथे लाकूड झिजून खोलगट झालंय, आपला अंगठा बरोबर बसतो त्यात.

नंतर एका आजींनी घंटेचा दोर आईच्या हातात दिला, म्हणाल्या, "ओढ ना माय, तुह्या मैत्रिणीच्या लग्नाले म्याच वाजवली होती." आईला बोलताच येईना.

एकच वाईट वाटलं, प्रार्थना चालू असताना एक ग्रुप थेट वेदीपर्यंत गेला रील काढायला. कोणी काही बोललं नाही, पण असं करू नका हो. एका कोपऱ्यात कवेलू सरकून भिंतीला ओल आलीय, बाक तिथून हलवून ठेवलेत, म्हणून दानपेटीत जमेल तेवढं टाका, पावसाळ्याआधी शाकारायला कामी येईल.

माझ्याकडून पाचपैकी पाच. रविवारी सकाळीच जा, चप्पल बाहेर काढा. इतर दिवशी कुलूप असतं, किल्ली शेजारच्या घरी त्याच आजींकडे, पण दुपारी त्या झोपतात, चारनंतर हाक मारा.